मोठ्या टायरांमुळे होणारे वाहनाचे कंपन

मोठ्या टायरांमुळे होणारे वाहनाचे कंपन म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविल्यानंतर महामार्गावरील वेगाला स्टिअरिंग, आसन किंवा वाहनाच्या तळाला जाणवणारी थरथर होय. पिकअप ट्रकला मोठे टायर बसविण्याची आवड विशेषतः अमेरिकेत प्रचलित असल्याने ही तक्रार तेथे वारंवार आढळते. हे कंपन बहुधा चाकाच्या असंतुलनामुळे होते. मात्र सैल नट किंवा टायरच्या थरांची फारकत यांसारख्या धोकादायक दोषाचीही ती पहिली खूण असू शकते, म्हणून त्याचे निदान महत्त्वाचे ठरते.

कारणमीमांसा

मोठा टायर जड असतो आणि त्याचे वस्तुमान अक्षापासून अधिक दूर असते. फिरत्या चाकावर एका बाजूस जादा वजन असल्यास निर्माण होणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणार्थ, २६५/७० आर १७ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ८०३ मिलिमीटर, तर २८५/७० आर १७ चा सुमारे ८३१ मिलिमीटर असतो. दुसऱ्या मापाच्या चाकाच्या रिमच्या कडेवर ३० ग्रॅम असंतुलन असल्यास ताशी ५० किलोमीटर वेगाला सुमारे ७ न्यूटन, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला सुमारे २९ न्यूटन बल निर्माण होते. त्यामुळे शहरात न जाणवणारा दोष महामार्गावर जाणवतो.

निलंबन प्रणालीवरील चाकाची वर-खाली हालण्याची नैसर्गिक वारंवारता सामान्यतः १० ते १५ हर्ट्झ असते. चाकाच्या फेऱ्यांची वारंवारता तिच्याजवळ पोहोचली की अनुनाद घडतो. यामुळेच अनेकदा कंपन एका विशिष्ट वेगाला तीव्र होते व त्यापुढे कमी होते.

वारंवारतेवरून निदान

वरील २८५/७० आर १७ टायर ताशी १०० किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे १०.६ फेऱ्या घेतो. मागील अक्षाचे दंतचक्र गुणोत्तर ३.७३ असल्यास प्रोपेलर शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला सुमारे ४० फेऱ्या घेतो. त्यामुळे मोजता येण्याजोगा संथ हादरा चाकाकडे, तर बारीक थरथर किंवा घुमणारा आवाज शाफ्टकडे निर्देश करतो. वाहनाची उंचीही वाढविली असल्यास शाफ्टचा कोन बदलतो. युनिव्हर्सल जॉइंटचे कोन परस्परांना अनुरूप नसल्यास शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोनदा कंपन होते.

कंपन रस्त्यावरील वेगाशी निगडित आहे की इंजिनाच्या फेऱ्यांशी, हे तोच वेग वेगळ्या गिअरमध्ये राखून पाहता येते. गिअर बदलूनही कंपन तसेच राहिल्यास इंजिन हे कारण नसण्याची शक्यता अधिक असते. स्टिअरिंगमधील थरथर सहसा पुढील चाकांतील, तर आसनातील थरथर मागील चाकांतील दोष दर्शविते. केवळ ब्रेक लावताना कंपन होत असल्यास ब्रेक डिस्कची तपासणी आवश्यक ठरते.

तपासणीचा क्रम

साध्या व कमी खर्चाच्या तपासण्या आधी केल्यास अनावश्यक भाग बदलणे टळते.

१. व्हील नट निर्मात्याने दिलेल्या बलाने, समोरासमोरच्या क्रमाने आवळलेले आहेत का ते पाहणे.
२. टायरमधील हवेचा दाब, फुगवटा, असमान झीज आणि रिममध्ये अडकलेला चिखल तपासणे.
३. रिमचे मध्यछिद्र हबवर नीट बसते का ते पाहणे. छिद्र मोठे असल्यास चाक केंद्रापासून सरकून बसू शकते.
४. चाकांचे पुन्हा बॅलन्सिंग करणे.
५. पुढील व मागील चाकांची अदलाबदल करणे. कंपनाची जागा बदलल्यास दोष चाकातच असतो.
६. टायर व रिमचा गोलपणा मोजणे. संतुलित टायरही गोल नसल्यास किंवा त्याचा ताठरपणा सर्वत्र सारखा नसल्यास कंपन निर्माण करतो. हा ताठरपणा भाराखाली चाक फिरवणाऱ्या यंत्रावर तपासता येतो.
७. व्हील बेअरिंग, बॉल जॉइंट व टाय रॉड यांतील ढिलेपणा पाहणे.

उपलब्ध असल्यास मूळ चाके पुन्हा बसवून पाहणे ही निर्णायक चाचणी ठरते. त्यानंतरही कंपन कायम राहिल्यास दोष अन्यत्र असतो.

अलाइनमेंट व बॅलन्सिंग

या दोन प्रक्रियांत अनेकदा गल्लत होते. अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी होय. ती बिघडल्यास वाहन एका बाजूस ओढते व टायर असमान झिजतात. ठराविक वेगाला होणारे कंपन केवळ अलाइनमेंटने सहसा दूर होत नाही. मात्र तिच्यामुळे झालेली असमान झीज पुढे कंपनास कारणीभूत ठरू शकते.

सुरक्षितता

कंपन अचानक सुरू झाल्यास, झपाट्याने वाढल्यास किंवा टायरवर फुगवटा दिसल्यास वाहन सुरक्षित जागी थांबविणे आवश्यक असते. टायरचा व्यास वाढल्याने वेगमापकही चुकतो. वरील मापांत वेगमापक आधी अचूक असल्यास, तो ताशी १०० किलोमीटर दाखवीत असताना प्रत्यक्ष वेग सुमारे १०३.५ किलोमीटर असतो. भारतात वाहनातील फेरबदलांवर मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ अन्वये निर्बंध आहेत.