मळ्यांतील मातीची पाळ : मालकी व जबाबदारी

पांझरेवरील फड पद्धतीचे बंधारे दगडी. त्यांची राखण सर्व बागाइतदारांची. परंतु मौजेखातर, पोहण्यासाठीं वा नावेसाठीं, कोणी आपल्या मळ्यांत मातीची पाळ घातली, तर तिची राखण एकट्या मालकावर येते.

प्रथम मालकी पाहूं. सात-बाऱ्यावर जमीन आपली असली तरी नाला आपला नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २० अन्वयें, खासगी हक्क सिद्ध नसल्यास, नदीनाले व त्यांचें पाणी सरकारचें आहे. सबब परवानगीवांचून नाला अडवूं नये. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा दहा मीटरांहून कमी उंचीच्या पाळीस लागू नाहीं. तथापि पाळ फुटून खालच्याचें शेत वाहून गेल्यास भरपाईचा दावा त्यामुळें टळत नाहीं. जमीन विकत घेणाऱ्यानेंही हें ध्यानांत ठेवावें. तळ्याबरोबर पाळीचा भारही पदरीं येतो.

पाळ बहुधा दोन कारणांनीं फुटते. सांडवा अपुरा असल्यास पाणी माथ्यावरून वाहून माती कापीत जातें. दुसरें, झाडांचीं मुळें, घुशींचीं बिळें व काळ्या मातीच्या भेगा यांतून पाझर वाट करतो. पाझर गढूळ दिसतांच पाणी उतरवावें व खालच्या वस्तीस कळवावें. चिपळूण तालुक्यांतील तिवरे धरण २ जुलै २०१९ रोजीं रात्रीं फुटून माणसें दगावलीं. गळतीची तक्रार गांवकऱ्यांनीं आधींच केली होती.

म्हणून मृगापूर्वीं भेगा बुजवाव्या, झुडपें काढावीं, सांडवा मोकळा करावा. मौज आपली असली तरी धोका शेजाऱ्याचा आहे, हें विसरूं नये.