सासूबाईंच्या चूर्णाचा डबा

मैत्रिणींनो, "गोळी म्हणजे औषध, चूर्ण काय, घरचंच!" असं आपण अगदी सहज म्हणतो. मीही म्हणत होते, 2025 च्या आषाढी एकादशीपर्यंत.

आम्ही भुशीला राहतो. सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या दोन गोळ्या चालू. त्या उन्हाळ्यात एका लग्नात नात्यातल्या कुणीतरी त्यांना कारलं, जांभूळबी आणि गुडमार यांचं चूर्ण दिलं. झाडपाल्याचं, तेव्हा अपाय नाहीच! सकाळ-संध्याकाळ चमचाभर सुरू झालं. मला ठाऊक होतं, पण डॉक्टरांना सांगावं असं दोघींच्याही मनात आलं नाही.

एकादशीला सकाळी त्यांनी गोळ्या घेतल्या, चूर्ण घेतलं आणि वर अर्धा कप दूध, बस्स. अकराच्या सुमारास देवघरापुढे बसल्या-बसल्या त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, विचारावं एक तर उत्तर भलतंच. साखर उतरली असावी, एवढंच सुचलं. शेंगदाण्याची चिक्की हाताशी होती (लोणावळ्याच्या घरात दुसरं काय असणार, शिवाय उपासाला चालते!), तिचा तुकडा दिला. त्यांना चावेना. थोरलीनं यंत्रावर साखर पाहिली, तर 52! मग चार चमचे साखर पाण्यात ढवळून घोट-घोट पाजली, तेव्हा कुठे त्या माणसांत आल्या. रविवार होता. धरणाकडे निघालेल्या गाड्यांनी रस्ता तुंबलेला. रिक्षाने दवाखाना गाठायला पाऊण तास लागला.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "आजी, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मग त्यांनी समजावलं. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून उपासाच्या दिवशी गोळी किती घ्यायची, हे आधीच विचारायला हवं. त्यातून साखर उतरवणारी चूर्णं वर घेतली की भर पडू शकते. आमच्या बाबतीत दोष उपासाचा किती आणि चूर्णाचा किती, हे त्यांनाही सांगता येईना, कारण चूर्णात नेमकं काय आणि किती, हे डब्यावर नव्हतंच. शिवाय चमचा कधी सपाट, कधी शीग लावून!

चिक्कीचंही कळलं. शेंगदाण्याच्या तेलकटपणामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. साखर 70 च्या खाली गेली तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं आणि सावरल्यावर काहीतरी खायला घालावं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक दवाखाना. आणि ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर एकदा वर येऊन पुन्हा उतरू शकते, म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टरांना कळवायचंच.

मी झाडपाल्याला नावं ठेवत नाही. मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा गॅलेगा नावाच्या युरोपातल्या एका झुडपात आहे! त्यातलं द्रव्य साखर उतरवी, पण विषारी. त्याच्याच जातीतलं सौम्य औषध तयार झालं आणि 1957 साली फ्रान्समध्ये जाँ स्टर्न यांनी ते मधुमेहावर वापरलं. आपल्या सह्याद्रीतल्या बिबळ्याची, म्हणजे विजयसाराचीही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने चाचणी घेतली. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत नव्याने मधुमेह झालेल्या बऱ्याच रुग्णांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. पण तिथे अर्क मोजून दिला होता, रक्त वरचेवर तपासलं होतं. लाकडी पेल्यात रात्रभर पाणी ठेवून पिणं म्हणजे ते नव्हे. मेथीदाण्यातल्या तंतूंमुळे जेवणातली साखर हळू शोषली जाते. भाजीत, थालीपिठात खुशाल घालावी. मात्र मेथी सुरू केली म्हणून गोळी बंद, असा हिशेब कुणी करू नये. शाळेतल्या एका बाईंच्या यजमानांनी तोच केला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी 7 वरून 11 वर गेली.

घरी आल्यावर सासूबाई फुरंगटल्या होत्या. "तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या मी निमूट घेतेच ना?" मी वाद घातला नाही. चूर्ण बंद झालं, तरी डबा त्यांनी फेकू दिलेला नाही. फडताळात वरच्या खणात आहे. खाली, त्यांच्या हाताला येईल अशी, साखरेची छोटी बाटली मी ठेवली आहे. दवाखान्याच्या पिशवीत आता गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर एक वही असते. त्यात त्या महिन्यात पोटात गेलेलं सगळं लिहायचं, काढेसुद्धा. परवा त्यांनी स्वतःच सांगितलं, "लिही गं, शेजारीण कडुनिंबाचा रस देऊन गेलीय. अजून घेतला नाही."