दुपारचा हिशेब

नागपूरच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर चढतो, हें वाडीच्या रहिवाशांस सांगावयास नको. याच उन्हानें आमच्या एका विद्यार्थ्याची परीक्षा पाहिली. त्यानें स्वतः जुळविलेला १२ व्होल्टांचा रेग्युलेटर सकाळीं ०.९ ॲम्पिअरचा भार सहज वाही. दुपारीं मात्र दाब घसरे. सुटे भाग सारे निर्दोष होते. चूक होती ती एका रोधकाच्या निवडींत.

दाब स्थिर राखणें हें रेग्युलेटराचें काम. परंतु तारा चुकून एकमेकींस चिकटल्या, तर प्रवाह बेसुमार वाढून मुख्य ट्रान्झिस्टर जळतो. म्हणून प्रवाहाच्या वाटेवर एक अल्प रोधक ठेवितात. प्रवाह वाढला कीं त्याच्या दोन टोकांमधील दाबही वाढतो. तो सुमारें ०.६५ व्होल्ट झाला म्हणजे पहाऱ्यावरील लहान ट्रान्झिस्टर जागा होऊन मुख्य ट्रान्झिस्टरास आवरतो.

रोधकाचें मूल्य काढण्याची रीत सोपी आहे: ०.६५ ला इष्ट मर्यादेनें भागावें. १ ॲम्पिअरसाठीं ०.६५ ओम येतात. बाजारांत ०.६८ ओमांचा रोधक मिळतो. तोच विद्यार्थ्यानें घेतला व मर्यादा ०.९६ ॲम्पिअर झाली. परंतु पहारेकरी तापला कीं दर अंशास सुमारें २ मिलिव्होल्ट आधींच जागा होतो. दुपारीं पेटीच्या आंत ७० अंश भरले. म्हणजे २५ अंशांहून ४५ अधिक. ०.६५ चे ०.५६ व्होल्ट उरले, आणि मर्यादा ०.८२ ॲम्पिअरवर आली. मग ०.९ चा भार कसा वाहावा?

उपाय ०.५६ ओमांचा रोधक. त्यानें दुपारीं १ ॲम्पिअर, तर थंड वेळीं १.१६ ॲम्पिअर मर्यादा मिळते. मुख्य ट्रान्झिस्टर तेवढा प्रवाह सोसणारा आहे ना, हें मात्र आधीं पाहावें. रोधकांत होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिलें रोध, येथें ०.७५ वॅट. म्हणून २ वॅटांचा घ्यावा. तांब्याच्या तारेचा रोधक करूं नये. तिचा रोध दर अंशास शेंकडा सुमारें ०.४ वाढतो. तांबें, मँगनीज व निकेल यांच्या मँगनिन मिश्रधातूचा रोध जवळजवळ अढळ राहतो.

ज्यांच्या नांवानें आपण रोध मोजतों, ते गेओर्ग ओम हे १८१७ पासून कोलोनच्या जेझुइट विद्यालयांत शिक्षक होते. त्यांचा नियम १८२७ सालीं प्रसिद्ध झाला. त्या नियमानें केलेला भागाकार आमच्या विद्यार्थ्याचाही बरोबरच होता. पण तो सकाळच्या गारव्यांतला होता. मुलांनो, हिशेब मांडावयाचा तो दुपारचा मांडावा.