टब, मग आणि बोटांची बेचकी

पाणी साधं हवं, कढत नको. पाय टबात ठेवायचा, मगाने गुडघ्यापासून खाली पाणी सोडायचं, साबणाचा फेस तळहातावर काढून हलकेच लावायचा. ब्रश नाही, वजरी नाही. हत्तीपाय झालेल्या माणसाला आरोग्य कर्मचारी हे धुणं शिकवतात, तेव्हा खरा वेळ लागतो कातडीच्या घड्यांना आणि बोटांच्या बेचक्यांना. सुजेने बोटं इतकी चिकटलेली असतात की मधे टॉवेल शिरत नाही. मग पातळ कापडाची पट्टी आत सरकवून ओल टिपून घ्यायची. टिपायची, घासायची नाही.

नांदेड आणि लातूर हे महाराष्ट्रातल्या हत्तीरोगाच्या जिल्ह्यांपैकी. क्युलेक्स डासामार्फत शरीरात गेलेले कृमी लसीकावाहिन्या निकामी करतात आणि पाय सुजतो. त्यानंतरचे तापाचे झटके मात्र बहुतांशी जिवाणूंचे.

रानात अनवाणी चालताना रुतलेला काटा, टाचेची भेग, खाजवून निघालेलं साल आणि चिखल्या, या जिवाणूंच्या आत शिरण्याच्या वाटा. चिखल्यांची वाट सर्वांत नेहमीची. निरोगी पायातली लसीका आत शिरलेले जिवाणू गाठींपर्यंत नेते, तिथे त्यांचा निकाल लागतो. तुंबलेल्या पायात ते फोफावतात. हुडहुडी भरते, पाय लालबुंद होतो, जांघेत अवधाण येतं, मजुरी बुडते. प्रत्येक झटका उरल्यासुरल्या वाहिन्या बिघडवतो. सूज वाढते, घड्या खोल होतात आणि पुढचा झटका लवकर येतो. मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल तर धोका आणखी वाढतो.

हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत गावोगावी वाटल्या जाणाऱ्या गोळ्या रोगाचा प्रसार रोखतात, जुनी सूज उतरवत नाहीत. केरळात आलप्पुळा इथे डॉ. आर. के. शेणॉय यांच्या पथकाने 1990च्या दशकात दाखवून दिलं की नियमित धुणं आणि जखमांवर मलम, एवढ्यानेही झटके कमी होतात. पेनिसिलिनही तपासलं गेलं आहे: पायाला वारंवार जिवाणूसंसर्ग होणाऱ्या 274 रुग्णांवरची ब्रिटन-आयर्लंडमधली चाचणी 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभर पेनिसिलिन घेणाऱ्यांपैकी 22 टक्क्यांना, तर नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 37 टक्क्यांना त्या वर्षात पुन्हा संसर्ग झाला. पेनिसिलिन थांबल्यावर मात्र त्याचा फायदाही ओसरला.

म्हणजे पाय धुणं जन्मभराचं, आणि त्याला रोज पाणी लागतं. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. टँकरच्या खेपा ठरवताना गावातल्या हत्तीपायाच्या रुग्णांचं रोजचं टबभर पाणीही हिशेबात धरायला हवं.