घरच्या चित्रगृहाचा संगणक

दिवाणखान्यांतील टीव्हीला जोडावयाच्या संगणकावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम घालावी, असें विचारणाऱ्यास मी उलट विचारतों: आपण पाहणार काय?

स्वतःच्या संग्रहांतील चित्रपट पाहावयाचे असतील तर लिब्रेएलेक घ्यावी. लिनक्सच्या पायावर उभारलेली ही विनामूल्य सिस्टिम रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावरहि चालते. तो सुरू करतांच ‘कोडी’ पडद्यावर येतो, आणि कळफलकाला हात न लावतां घरांतील आजीबाईहि बहुधा टीव्हीच्याच रिमोटनें चित्रपट लावूं शकतात. माझ्या मतें हा गुण लहान नव्हे.

परंतु नेटफ्लिक्ससारख्या वर्गणीच्या सेवांचीं चित्रें कुलूपबंद येतात, व फोर-के दर्जाची किल्ली लिनक्सवरील ब्राउझरला मिळत नाहीं. तेथें विंडोज पत्करावी लागते, आणि ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं तिच्या सूचनाहि सोसाव्या लागतात.

विंडोजचें खास टीव्हीसाठीं केलेलें मीडिया सेंटर २००२ सालीं निघालें. २०१५ च्या विंडोज १० मधून तें वगळलें गेलें, आणि त्यावर विसंबलेलीं घरें अडलीं. कोडीचा जन्महि २००२ चाच, एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठीं झालेला. तो अद्यापि चालू आहे. तरीहि चित्रपट वेगळ्या डिस्कवर ठेवावे, म्हणजे उद्यां सिस्टिम बदलली तरी संग्रहास धक्का लागणार नाहीं.