आभाळाचे पट्टे, अंधाराचे दाणे

लोणारला गेलात कधी? बुलढाणा जिल्ह्यातलं ते भलंमोठं वाटोळं विवर! अवकाशातून आलेली अशनी काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळली आणि काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. संध्याकाळी गोमुखाच्या बाजूला काठावर उभं राहायचं. समोरचं आभाळ आधी केशरी होतं, मग गुलाबी, मग जांभळं. एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून सांगताच येत नाही.

अर्थातच सगळ्यांचे मोबाइल बाहेर निघतात. घरी येऊन फोटो मोठा करून पाहा. आभाळात रंगांचे वेगवेगळे पट्टे दिसतात, आखून रंगवल्यासारखे. आणि खाली विवरातल्या सरोवराभोवतीच्या काळोख्या झाडीत लाल, हिरवे, निळे बारीक दाणे पसरलेले असतात. झाडीत तर असं काहीच नव्हतं! मग हे आलं कुठून?

आधी दाण्यांकडे बघू. फोटोग्राफर त्यांना ‘नॉइज’ म्हणतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक चिमुकला सेन्सर असतो आणि त्यावर पिक्सेल नावाचे बारीक चौकोन असतात. कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असेल, तर चौकोन किती? १ कोटी २० लाख! प्रत्येक चौकोनाचं काम एकच, आपल्या अंगावर किती प्रकाश पडला ते मोजायचं. आता गंमत अशी, की प्रकाश सलग वाहत येत नाही. तो सुट्या सुट्या कणांनी येतो. आइन्स्टाइनने १९०५ साली हे मांडलं. या कणांना आपण फोटॉन म्हणतो.

आणि फोटॉन काही शिस्तीत रांगेने येत नाहीत. मृगाचा पहिला शिडकावा अंगणातल्या फरशांवर पडतो, तेव्हा नीट बघा. एका फरशीवर ९ थेंब, शेजारच्या फरशीवर १४, पलीकडे ११. फरशा सारख्याच, ढग एकच, तरी आकडे वेगळे. फोटॉनांचंही तसंच आहे. एकाच रंगाच्या भिंतीसमोर धरलेल्या शेजारशेजारच्या दोन पिक्सेलांना अगदी सारखेच फोटॉन मिळतील, असं क्वचितच होतं.

ही कमीजास्ती किती असते, त्याचा सोपा हिशेब आहे. जितके फोटॉन, त्यांचं वर्गमूळ काढायचं. दुपारच्या उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवरून एका पिक्सेलमध्ये समजा १०,००० फोटॉन आले. वर्गमूळ १००. म्हणजे साधारण १०० इकडे-तिकडे, फक्त १ टक्का. डोळ्याला पत्ताही लागत नाही. आता लोणार गावातल्या दैत्यसूदन मंदिरात चला. आत अंधार आहे, आणि छतावरचं कोरीवकाम तर सोडवत नाही इतकं देखणं. तिथून एका पिक्सेलला समजा १०० फोटॉनच मिळाले. वर्गमूळ १०. म्हणजे १० टक्के फरक! शेजारचे दोन पिक्सेल एकाच दगडाकडे बघतात, पण एक उजळ निघतो, दुसरा काळपट. झाले दाणे तयार.

काळोख्या फोटोत काही दिसत नाही म्हणून कॅमेरा आयएसओ वाढवतो, म्हणजे मोजलेले आकडे सरसकट मोठे करतो. छत उजळतं, पण त्याबरोबर चुकाही तेवढ्याच पटीने मोठ्या होतात. नवे फोटॉन काही त्यामुळे येत नाहीत. म्हणून मला विचाराल तर आयएसओवर फार राग धरू नये. खरी टंचाई प्रकाशाची असते.

दाणे रंगीत का, तेही सांगते. पिक्सेलला स्वतःला रंग कळत नाही. म्हणून चार पिक्सेलांच्या प्रत्येक गटात दोघांवर हिरवी, एकावर लाल आणि एकावर निळी गाळणी बसवलेली असते. मग तिन्ही रंगांचे आकडे जुळवून रंग ठरतो. एकाचा आकडा चुकला की रंगच बदलतो. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा प्रकाश फारच थोडा असतो, म्हणून तिथे निळ्या पिक्सेलांची सगळ्यात जास्त उपासमार होते.

काही दाणे मात्र प्रकाशाचे नसतात, सेन्सरच्या स्वतःच्या घरचे असतात. सेन्सर तापला की प्रकाश नसतानाही त्यात विजेचे कण सुटतात आणि पिक्सेल त्यांनाच प्रकाश समजून मोजतो. तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं, की हा प्रकार जवळपास दुप्पट होतो. मे महिन्यात घाटाखाली, मलकापूर-शेगावकडे, मोबाइल हातात धरवत नाही इतका तापतो, तेव्हा आठवण ठेवा. हे बघायचंच असेल तर रात्री खोलीतला दिवा बंद करा, कॅमेऱ्याच्या भिंगावर तळहात घट्ट दाबा आणि फोटो काढा. मग तो काळा फोटो एडिटमध्ये जाऊन पूर्ण उजळवा. तुमच्या सेन्सरची स्वतःची खरखर त्यात दिसेल. कधी कधी तर आडव्या-उभ्या पुसट रेघाही दिसतात, कारण पिक्सेलांचे आकडे ओळीओळीने वाचले जातात आणि प्रत्येक ओळीचं वाचन अगदी तंतोतंत सारखं नसतं.

आता आभाळातले पट्टे. नेहमीच्या जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ छटा मावतात, ० ते २५५. संध्याकाळच्या आभाळाच्या एका तुकड्यात निळा रंग १८० पासून २०० पर्यंतच बदलत असेल, तर हाताशी पायऱ्या उरल्या जेमतेम २०. आणि हा तुकडा फोटोत ३००० पिक्सेल रुंद असेल तर? एकेक छटा दीडशे पिक्सेलभर जशीच्या तशी राहणार, मग एकदम पुढची. तिथेच आपल्याला रेघ दिसते. फोटो मेसेजमधून पाठवला, की तो लहान करताना ८ × ८ पिक्सेलांचे चौकोन करून आणखी बारकावे गाळले जातात, आणि पट्टे जास्तच ठळक होतात.

आणि आता मला सर्वांत आवडणारी गोष्ट. १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लॉरेन्स रॉबर्ट्‌स नावाचा तरुण संशोधक याच पट्ट्यांशी झुंजत होता. त्याला फोटो कमीत कमी छटांमध्ये पाठवायचे होते, पण छटा कमी केल्या की चेहऱ्यांवर नकाशासारख्या रेघा उमटायच्या. १९६२मध्ये त्याने त्यावरचा उपाय छापला. काय असेल? फोटोत मुद्दाम थोडा नॉइज मिसळायचा!

हे कसं चालतं, बघा. आभाळाची खरी छटा आहे १८०.३. पण १८०.३ लिहायची सोय नाही, म्हणून सगळे पिक्सेल १८० होतात आणि पट्टा पडतो. थोडा नॉइज असेल, तर दहांपैकी साधारण तीन पिक्सेल उडी मारून १८१ होतात आणि सात १८०वरच राहतात. दुरून पाहणाऱ्या डोळ्याला त्यांची सरासरी दिसते, १८०.३! जी छटा लिहिताच येत नव्हती, ती दाण्यांनी मिळून दाखवली. हाच रॉबर्ट्‌स पुढे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, अर्पानेटच्या, उभारणीतला एक प्रमुख माणूस झाला.

म्हणून फोटो ‘गुळगुळीत’ करणारं बटण मी आभाळावर कधीच दाबत नाही. दाणे पुसले, की मागे लपलेले पट्टे उघडे पडतात.

घरातल्या एलईडी दिव्याखाली येणारे काळे आडवे पट्टे मात्र निराळे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. सेन्सर वरून खाली ओळ-ओळ वाचत जातो. दिवा मंद असताना वाचलेल्या ओळी काळ्या पडतात. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे गायब!

पट्ट्यांनी शास्त्रज्ञांनाही सोडलेलं नाही. जून २०२०मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, आणि हे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचं काम असल्याचं कळलं. तेव्हा ७०५ किलोमीटर उंचीवरून लँडसॅट-८ या उपग्रहानेही सरोवराचे फोटो घेतले, एक २५ मेचा आणि एक १० जूनचा. त्याच्या रंगीत फोटोतला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचा ३० मीटरचा चौकोन. अख्खं विवर जेमतेम ६० पिक्सेल रुंद! या उपग्रहात प्रत्येक रंगासाठी जवळपास ७००० संवेदक रांगेत बसवलेत. उपग्रह पुढे सरकतो तसा प्रत्येक संवेदक जमिनीची आपापली एक लांबच लांब पट्टी टिपत जातो. त्यातला एखादा जरा जास्त हळवा निघाला, तर त्याची पूर्ण पट्टी उजळ येते. मग सरोवराच्या त्या भागात गुलाबी खरंच जास्त आहे, की संवेदकच चुकतोय? म्हणून उपग्रहाचा कॅमेरा दर महिन्याला चंद्राकडे वळवतात, शटर बंद ठेवून पूर्ण अंधाराचेही फोटो घेतात आणि प्रत्येक संवेदकाची चूक मोजून ती वजा करतात.

तुम्हालाही दाणे कमी करता येतील, तेही काही न पुसता. मोबाइल दगडावर पक्का टेकवून एकाच दृश्याचे १६ फोटो काढायचे आणि सरासरी घ्यायची. १६चं वर्गमूळ ४, म्हणून नॉइज चौथाई होतो. मोबाइलचा नाइट मोड आतल्या आत हेच करतो. लोणारचा काठ हलत नाही, तिथे हे छान जमतं.

वाघ मात्र असा थांबत नाही. २०१९मध्ये टी१-सी१ नावाचा रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वरहून १३०० किलोमीटरांहून जास्त चालून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला होता. जंगलातले काही ट्रॅप कॅमेरे रात्री अवरक्त प्रकाशात फोटो काढतात. प्रकाश थोडा, वाघ चालता, हाती लागणार एकच फोटो. तो दाणेदारच येतो. पण प्रत्येक वाघाची ओळख त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून पटते, आणि दाणे घासून पुसायला गेलं तर हे खरे पट्टेही पुसट होतात. म्हणून असा फोटो दाण्यांसकटच ठेवलेला बरा.