झिपचा खुला आराखडा

फेब्रुवारी १९७८ मध्ये वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत पहिला संगणकीय बुलेटिन बोर्ड सुरू केला आणि पुढील दशकात टेलिफोनच्या तारेवरून प्रोग्रॅमांची देवघेव करणारे असे असंख्य बोर्ड अमेरिकेत उभे राहिले. सेकंदाला २४०० बिट वाहणाऱ्या मोडेमवर ३६० किलोबाइटची एक फ्लॉपी उतरवून घेण्यास सुमारे पंचवीस मिनिटे लागत. त्यामुळे संक्षेपण, म्हणजे मजकुरातील पुनरुक्ती हेरून तो कमी जागेत, तरीही अक्षरन् अक्षर पूर्ववत करता येईल असा मांडणे, ही या समुदायांची निकड होती.

ही गरज थॉम हेंडरसन यांच्या कंपनीच्या १९८५ मधील ‘आर्क’ या प्रोग्रॅमने भागवली. मिलवॉकीच्या फिल कॅट्झ यांनी त्याच स्वरूपाच्या फाइली हाताळणारा, कितीतरी वेगवान ‘पीकेआर्क’ काढला, तेव्हा १९८८ मध्ये हेंडरसन यांच्या कंपनीने दावा लावला आणि तडजोडीअंती कॅट्झ यांना माघार घ्यावी लागली. बोर्डांवरील लोकमत कॅट्झ यांच्या बाजूने झुकले. मात्र आर्कची मूळ आज्ञावली पाहावयास खुली असली तरी ती व्यापारासाठी मोकळी नव्हती, हे ध्यानात घेतल्यास हेंडरसन यांची तक्रार निराधार ठरत नाही.

१९८९ मध्ये कॅट्झ यांनी ‘झिप’ हे नवे स्वरूप आणले व त्याचा तपशीलवार आराखडा कोणालाही वापरता येईल असा जाहीर केला, आणि झिपच्या प्रसाराचे खरे कारण या निर्णयातच शोधावे लागते. १९९३ मध्ये त्यात रुळलेली ‘डिफ्लेट’ पद्धत मागील ३२ किलोबाइटमध्ये आधी येऊन गेलेल्या अक्षरमालिकेकडे केवळ निर्देश करते (ही लेम्पेल व झिव्ह यांची १९७७ ची कल्पना) आणि उरलेल्या चिन्हांपैकी वारंवार येणाऱ्यांना, हफमन यांच्या १९५२ च्या रीतीने, आखूड संकेत देते. याउलट ‘एलझेडडब्ल्यू’ या संक्षेपणाच्या दुसऱ्या पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस त्या पद्धतीच्या वापरासाठी, म्हणजे पर्यायाने तिच्यावर आधारलेल्या जिफ चित्रांसाठीही, शुल्काची मागणी पुढे आली, तेव्हा डिफ्लेटवर आधारलेले पीएनजी चित्रस्वरूप जन्मले. १९९३ चे ‘रार’ हे स्वरूप अनेकदा फाइली अधिक लहान करते, पण त्याच्या संक्षेपणाची रीत इतरांना उभारू दिली जात नाही. म्हणूनच वर्डच्या आजच्या फाइली, अनेक ई-पुस्तके आणि अँड्रॉइडची ॲपे आतून झिपच असतात, रार नव्हेत.

मराठी मजकुराला डिफ्लेट विशेष मानवते, कारण यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच आणि दुसरा दोहोंपैकी एक असतो. नावांच्या बाबतीत मात्र आराखडा तोकडा होता: फाइलींच्या नावांसाठी त्यात आयबीएमचा ४३७ क्रमांकाचा, देवनागरीला जागाच नसलेला संकेततक्ता गृहीत धरला होता, त्यामुळे मराठी नावे दुसऱ्या संगणकावर विद्रूप होऊन उमटत. २००६ च्या आवृत्तीत एक बिट ‘हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे सांगण्यासाठी राखून ठेवण्यात आला. पण तो न लावणारी साधने त्यानंतरही वापरात राहिली.